उघड्या पाठीची माउली

समोरून पाहिलंत तर आखवळीची आमची माउली आसपासच्या कुठल्याही गावच्या देवीसारखीच दिसते. चांदीचा मुखवटा, हिरवी साडी, गळ्यात अबोलीची वेणी. पाहुणे हात जोडतात, डोळे मिटतात, मग प्रदक्षिणेला मागे जातात आणि तिथे थबकतात. सगळेच थबकतात. पाठीवर साडी नाही. तिथे नुसतं उघडं लाकूड आहे आणि त्या लाकडावर वरपासून खालपर्यंत चरी आहेत. मधली चर जाड, तिला दोन्ही बाजूंनी बारीक फाटे, गोमेला पाय असावेत तसे. मधूनमधून दाण्याएवढी भोकं.

मागे एक गृहस्थ आले होते, शिल्पकलेतले जाणकार. बराच वेळ वाकून बघत राहिले आणि मला विचारलं, ही नक्षी कोणत्या शैलीची? मी म्हटलं, किड्याच्या. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. रागावून निघून गेले, प्रसादही घेतला नाही. पण खरंच सांगतो, ही नक्षी किड्यानेच केलेली आहे. हात लावून बघा. दुसरीकडे देवीला हात लावू देत नाहीत, आम्ही मुद्दाम लावायला सांगतो. ठोकून बघा. फणसाचं लाकूड आहे, आतून आजही भरीव आहे.

आता याची गोष्ट ऐकायची तर बसून घ्या. गोष्ट गोड नाही. मी ही कितीतरी जणांना सांगितली, तरी सांगताना मध्ये एका ठिकाणी मी अजून अडखळतो.

फार जुना काळ. राजवट कोणाची होती यावर गावात एकमत नाही, त्यात पडू नका. आज माउली म्हणून ज्याला साडी नेसवतो, तो हा खांब तेव्हा इथे नव्हता. लाकडाची मूर्ती होती. गावकर घराण्याच्या मूळपुरुषाने आपल्या आवारातलं झाड दिलं आणि त्यातून ती घडवली, असं सांगतात. गावकरांचा सगळा मान त्या झाडावरून आलेला. पालखीला पहिला खांदा त्यांचा, जत्रेचा पहिला नारळ त्यांचा. पिढ्यान्‌पिढ्या त्या मूर्तीवर शेंदराचे लेप चढत गेले. लेपावर लेप, लेपावर लेप, होता होता बोटभर जाडीचं कवच झालं. वर साडी, वर मुखवटा. आतलं लाकूड पाहिलेलं माणूस गावात कोणी उरलं नव्हतं आणि पाहायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

आमच्या भागात देवीला कौल लावतात, ते तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर सांगतो. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली कळी चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजव्या खांद्यावरची कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पेरणी कधी करायची, मुलगी कुठे द्यायची, हरवलेली गाय कुठल्या दिशेला शोधायची, सगळं माउलीला विचारून.

तर त्या काळात म्हणे डावा कौल फार येऊ लागला. काहीही विचारा, डावी कळी पडायची. एकाची ठरलेली सोयरीक मोडली. एकाने पाणी लागायच्या आधीच विहीर अर्धी खणून सोडली. एका बाईला तर डाव्या कौलावरून कायमचं माहेरी धाडलं. लोक घाबरले. माउली कशावर तरी रागावली आहे, एवढं सगळ्यांना पटलं. मग त्या वेळचा गावकर, धाकोजी त्याचं नाव, त्याने गाव जमवला. ठरलं असं, की माउलीला नवा मंडप बांधायचा, चार नव्या खांबांचा. प्रत्येक खांबाचं झाड एकेका घराने द्यायचं.

देवीला द्यायच्या लाकडाचा एक नियम होता. लाकूड निर्दोष हवं. त्यात कीड निघाली, तर ज्याने झाड दिलं त्याच्या घरात काहीतरी काळंबेरं आहे, असं समजायचं. हा नियम कोणी केला, विचारू नका. असले नियम करणारा कधी सापडत नाही, पाळणारे मात्र भरपूर असतात.

चौथं झाड दिलं आवडीने. आवडी म्हणजे रवळूची बायको. रवळू मचव्यावर खलाशी होता, मलबारपर्यंत जायचा. एका वर्षी बाकीचे मचवे परत आले, त्याचा आला नाही. बुडाला अशी बातमी आली. सासरच्यांनी आवडीला कुंकू पुसायला सांगितलं. ती म्हणाली, नाही पुसणार. परसातल्या फणसाखाली उभी राहून तिने माउलीला साकडं घातलं, माझा घरधनी जिवंत परत आण, हे झाड तुझं. तो फणस म्हणजे तिचं निम्मं अन्न होतं. नवरा नसलेल्या त्या दिवसांत ती गऱ्यांवर आणि आठळ्यांवरच जगली होती.

आणि रवळू आला. वाळून काटकुळा झालेला, पण स्वतःच्या पायांनी चालत आला. लोकांनी नवल केलं, आवडीने पेढे नव्हते म्हणून गूळ वाटला. पुढे तिला दिवस गेले. मंडपाचं ठरलं तेव्हा तिने आपण होऊन झाड देऊ केलं. फळांनी लगडलेलं झाड उभं तोडलं. माणूस आणखी काय देणार?

ओंडका देवळासमोर आणला. सावळो मेस्त्री म्हणून गावचा सुतार होता, त्याने वाकसाने साल सोलायला सुरुवात केली. गाव भोवती उभा होता, आवडी आणि रवळूही होते. सालीची एक मोठी फाक निघून आली आणि मेस्त्रीच्या हातून वाकस पडला. सालीखाली ह्या चरी होत्या, तुम्ही आता पाहिल्यात त्याच. एका भोकातून पांढरी, लठ्ठ अळी बाहेर आली, ओंडक्यावरून घसरली आणि खाली धुळीत वळवळू लागली.

बायकांनी तोंडाला पदर लावले. पहिल्यांदा बोलला तो मेस्त्रीच.

"वरवरचा आसा. तासून काढतंय."

"हात लावू नको," धाकोजी गावकर म्हणाला. "आसा तसा ऱ्हवांदे."

मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू ओंडक्यावरून उठल्या आणि आवडीच्या पोटावर गेल्या. मघापर्यंत त्या पोटाकडे बघून ज्या बायका हसत होत्या, त्याच आता मागे सरकल्या. गर्दीतून कोणीतरी म्हणालं की नवरा दर्यावर होता तेव्हा ही एकटीच होती. दुसरं कोणी म्हणालं की पोर नेमकं कधीचं, ते कोणी विचारलंय? एक अळी पडायचा अवकाश, आणि एवढं सगळं लोकांच्या तोंडात तयार होतं. आधीपासूनच होतं की काय, ह्याचा विचार केला की मला सुन्न व्हायला होतं.

धाकोजी म्हणाला, माउलीला विचारू. गुरवाने कळ्या चिकटवल्या. धाकोजीने गाऱ्हाणं घातलं.

"बाये माउली, ह्या बायच्या पोटातला पोर तिच्या घोवाचा आसात तर उजवो दी. नसात तर डावो दी."

गाऱ्हाण्याचा शेवटचा शब्द संपतो न संपतो तोच डावी कळी टपकन पडली.

आवडी देवीकडे बघत नव्हती म्हणे. ती रवळूकडे बघत होती. तो सगळ्यांच्या लेखी मेलेला असताना जिने कुंकू पुसलं नाही, तिला त्याने फक्त एक शब्द विचारायचा होता. गाव काहीही म्हणो, घरात तर दोघंच होती ना? त्याने मान फिरवली. इथेच मी अडखळतो. कौल पडला ते समजू शकतो, लोक उलटले तेही समजू शकतो. पण ही मान फिरवणं मला कधीच समजलं नाही.

निवाडा झाला. दिवस मावळायच्या आत आवडीने गावची शीव ओलांडायची. पोटुशी बाई, उघड्या कातळावरच्या पायवाटेने, कुठे जायचं ते तिचं तिने बघायचं. मात्र एक रीत होती. गाव सोडणाऱ्याला माउलीच्या पायांवर डोकं टेकून जाऊ द्यायचं, मग तो कितीही दोषी असो. एरवी गुरवाशिवाय मूर्तीला कोणी शिवत नसे. त्या एका रीतीपायी तिला गाभाऱ्यात सोडलं.

ती आत गेली. डोकं टेकलं. उठेना. दारात उभे असलेले लोक चुळबुळ करू लागले. मग तिने दोन्ही हात पुढे केले आणि माउलीला गुडघ्यांशी घट्ट मिठी मारली, पोरीने आईला मारावी तशी. तिला हुंदका फुटला आणि त्याच वेळी काहीतरी कडाडलं.

शेंदराचं कवच फुटलं होतं. आधी गुडघ्यांपाशी तडा गेला, मग तो वर चढत गेला, आणि अख्खी माउली तिच्या अंगावर कोसळली. लाकूड पडल्याचा आवाजच आला नाही. कारण आत लाकूड नव्हतं. पीठ होतं. पिवळसर, बारीक भुकटी, सुपाने ओतावी तशी आवडीच्या केसांवर, खांद्यांवर, मांडीवर ओतली गेली. वरून मुखवटा घरंगळत आला आणि फरशीवर आपटून उंबऱ्यापर्यंत गेला. भुकटीतून तपकिरी किडे चारी दिशांना पळाले.

पाहुणे, त्या दारात उभे असलेल्यांचं काय झालं असेल, विचार करा. जिच्यापुढे नारळ फोडले, जिच्या नावाने शपथा घेतल्या, जिला विचारून मुली दिल्या आणि मुली परत पाठवल्या, ती आतून रिकामी होती. किती वर्षं रिकामी होती देव जाणे. नुसता शेंदूर उभा होता. एक म्हातारा तिथेच भोवळ येऊन पडला, असं सांगतात.

पहिली ओरड झाली ती, "बाटवल्यान! माउलीक मोडल्यान!" माणसं आत घुसली. काहींच्या हातात बाहेरचे दगड होते. आता ती काही वाचत नाही, हे तिलाही कळलं असणार. पण तिने दाराकडे वळूनही पाहिलं नाही. भुकटीत माखलेली ती तशीच बसली होती. मांडीवर पडलेला शेंदराचा एक तुकडा तिने उचलला, माउलीचा गाल होता की खांदा कोण जाणे, त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली,

"बाये, तुका पण खाल्ल्यान गे?"

हे ती माउलीला म्हणाली. बाकी कोणाला नाही. पण दगड घेतलेले हात जागच्या जागी थांबले, असं सांगतात.

सगळ्यात आधी गुरव खाली बसला. त्याने खांद्यांचे तुकडे शोधून काढले. उजव्या खांद्यात अजून मूठभर लाकूड शिल्लक होतं. डावा खांदा पापुद्र्याएवढा उरला होता, आणि तो खाली झुकलेला होता. त्या उतरत्या खांद्यावर कुठली कळी टिकणार? प्रश्न काहीही असो, ती पडणारच. गुरवाने तो तुकडा हातात धरला आणि कपाळ बडवून घेतलं.

"इतकी वर्सां आमी कोणाक इचारीत होतो?"

बघा, एका क्षणात गावाच्या डोळ्यांपुढून काय काय गेलं असेल. मोडलेली सोयरीक. अर्धी सोडलेली विहीर. माहेरी धाडलेली ती बाई, तिचा नवरा तिथेच उभा होता. तो भिंतीला टेकला आणि लहान मुलासारखा रडू लागला म्हणे. एकाएकाचा चेहरा उतरत गेला. दगड जमिनीवर ठेवले गेले, टाकायचंसुद्धा कोणाला धाडस झालं नाही.

मग लोकांनी धाकोजीकडे पाहिलं. नियम सगळ्यांना पाठ होता. लाकडात कीड निघाली तर दोष झाड देणाऱ्याच्या घरात. आणि माउलीचं लाकूड कोणाचं, हे बारक्या पोरालाही माहीत होतं. धाकोजीने मनात आणलं असतं तर बाईच्या स्पर्शाने मूर्ती बाटली असं तो म्हणू शकला असता. लोकांनी मानलंही असतं, मानायला लोक आतुरच होते. पण तो खांद्यावरचं उपरणं काढून खाली बसला आणि भुकटी त्यात गोळा करू लागला.

"लाकूड आमच्या घराचा," तो म्हणाला. "आमका वाळीत टाका, नायतर ह्यो नियम मोडा."

नियम मोडला. बाकी धाकोजीने त्या दिवशी जे केलं त्याला क्षमा नाही, पण हे एक वाक्य मी त्याच्या नावावर ठेवतो.

रवळू पुढे आला. आवडीपुढे हात केला आणि म्हणाला, "चल घराक."

ती उठली. पदर झटकला. आणि त्याला म्हणाली,

"तू माका इचारलंस नाय. किड्याक इचारलंस."

एवढं बोलून ती त्याच्या बाजूने निघून गेली. परसातलं झाड तोडलेलं होतं, तिथे फणसाचं खोड जमिनीत उरलं होतं. त्याच्याशेजारी तिने झावळांची खोपी बांधली. नवऱ्याचं घर हाकेच्या अंतरावर, पण तिने त्याचा उंबरा ओलांडला नाही. बायका जेवण घेऊन जायच्या, ती घ्यायची. रवळू काही घेऊन गेला तर ती भांडं बाहेरच राहू द्यायची.

इकडे गावापुढे वेगळंच संकट. माउलीला नवी मूर्ती हवी, पण झाड द्यायला कोणी तयार होईना. एकेकाळी मानासाठी भांडणारी घरं आता तोंड लपवू लागली. लोकांनी आपापल्या आवारातली झाडं तपासली. फांद्या फोडून पाहिल्या, वासे ठोकून पाहिले. कुठे भोकं, कुठे भुसा, कुठे वाळवी. निर्दोष असं एकाचंही निघालं नाही. शेवटी सावळो मेस्त्री म्हणाला, की देवळासमोर तो एक ओंडका पडलाय, त्यात काय आहे ते निदान सगळ्या गावाने पाहिलंय. मग आवडीचा तोच खांब आत आणून उभा केला. मेस्त्रीने विचारलं, ह्या चरी तासून काढू का? गावकर म्हणाला, नको. आणि साडी नेसवताना पाठ उघडी ठेवायची असं ठरलं, म्हणजे आत काय चाललंय ते जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसत राहील.

आवडीला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी तिने पोरीला माउलीच्या पायांवर घालायला आणलं. सगळा गाव आला होता, तोंडं पाडून. तेव्हा रवळू गर्दीतून पुढे आला. काही जण सांगतात तो तिच्या पाया पडला. मला तसं वाटत नाही, पडला असता तर सोपं झालं असतं. त्याने सगळ्यांसमोर तिला विचारलं. जे तेव्हा विचारायचं होतं तेच.

"पोर कोणाचा?"

लोकांना वाटलं, पुन्हा हा विषय? पण आवडी रागावली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"तुजा," ती म्हणाली.

झालं. एवढंच. दोन शब्दांचा प्रश्न नि एका शब्दाचं उत्तर. ह्यासाठी ओंडका, अळी, कळ्या, गाऱ्हाणं, शीव, दगड! मी म्हातारा झालो, पण ह्या जागी आलो की अजून हादरतो. रवळू नंतर त्या खोपीत राहायला गेला. ती त्याच्या घरी गेली नाही ती नाहीच, तोच तिच्याकडे गेला. त्यांच्या वंशातल्या घराला गावात आजही आवडीचं घर म्हणतात, रवळूचं कोणी म्हणत नाही.

कौल आम्ही आजही लावतो. पावसाचा लावतो, पेरणीचा लावतो. माणसाबद्दल लावत नाही, मग कोणी कितीही मोठा येऊन सांगो.

आणि आजही आखवळीत लग्न लागलं, की वाजंत्री थांबवून नवरा-नवरीला इथे मागच्या बाजूला आणतात. नवऱ्याने माउलीच्या पाठीवर बोट ठेवायचं. गावातला वडीलधारा विचारतो, "ह्यां कोणी केल्यान?" नवरा म्हणतो, "किड्यान." मग विचारतो, "मनात संशय इलो तर कोणाक इचारतलंस?" नवऱ्याने नवरीकडे बघून म्हणायचं, "हिका." नवरीने "ऐकलंय" म्हटल्याशिवाय वरात देवळाबाहेर पडत नाही.

परवाच एक लग्न झालं. मुलगा पुण्यात मोठ्या कंपनीत, मुलगी इथलीच, आमच्या शाळेत शिकवते. विचारणारा मीच होतो. मुलाचे मित्र मोबाईल धरून उभे, तो त्यांच्याकडे बघून हसला आणि पुटपुटल्यासारखं "हिका" म्हणाला. वाजंत्रीवाल्यांनी ढोल उचलले. मुलगी बोलली नाही. सासू तिला कोपराने ढोसू लागली, भटजी घड्याळ बघू लागले, मुलाचं हसू हळूहळू मावळलं. ती म्हणाली,

"माका ऐकाक नाय इला. परत सांग."